अंतिम उत्तराचे शब्दकोडे : स्वरूप, परंपरा आणि सोडवण्याची रीत

वृत्तपत्रातील नेहमीचे शब्दकोडे शेवटचे घर भरले की संपते. अंतिम उत्तराच्या शब्दकोड्याचा दुसरा डाव मात्र तेथूनच सुरू होतो. आडवे आणि उभे सर्व शब्द अचूक भरून झाल्यावरही या प्रकारात एक प्रश्न शिल्लक राहतो. त्याचे उत्तर कोणत्याही एका संकेतात दिलेले नसते. ते भरलेल्या शब्दांत, त्यांच्या क्रमात, कोड्याच्या शीर्षकात किंवा जे शब्द आलेच नाहीत त्यांत दडलेले असते. ते एक उत्तर हाती आले तरच कोडे सुटले असे मानतात.

या दडलेल्या उत्तराला 'अंतिम उत्तर', ज्या मोठ्या शब्दांतून ते निघते त्यांना 'मुख्य शब्द' आणि ज्या रीतीने ते निघते तिला 'किल्ली' म्हणता येईल. चांगल्या कोड्यात या तिन्ही गोष्टी परस्परांना दुजोरा देतात.

कोड्याचा उगम

आधुनिक शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी झाला, असे मानतात. त्या दिवशी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मूळ लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. १९२४ मध्ये सायमन आणि शूस्टर या नव्या प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. प्रत्येक प्रतीसोबत एक पेन्सिलही दिली होती. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे सुरू केले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हा छंद बरीच वर्षे दूर ठेवला आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी तो स्वीकारला.

घरे भरल्यावर आणखी काही करावयास लावणारी कोडी ब्रिटनमध्ये रुजली. बीबीसीच्या 'लिसनर' या नियतकालिकात १९३० मध्ये सुरू झालेले साप्ताहिक कोडे त्यांत अग्रगण्य आहे. ते नियतकालिक बंद पडल्यावर १९९१ पासून हे कोडे 'टाइम्स'च्या शनिवारच्या अंकात येऊ लागले. त्यात कधी भरलेली अक्षरे बदलावी लागतात, कधी चौकटीत दडलेले नाव शोधून रंगवावे लागते. अमेरिकेत मॅट गॅफ्नी यांनी २००८ मध्ये निव्वळ अंतिम उत्तराची साप्ताहिक स्पर्धा सुरू केली. महिन्याचा पहिला आठवडा सोपा, शेवटचा अवघड अशी तिची चढण असते. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१५ पासून शुक्रवारचे कोडे याच प्रकारासाठी राखले. अचूक उत्तर देणाऱ्यांतून एकाची निवड होते आणि त्याला बक्षीस म्हणून चहा-कॉफीचा एक मग मिळतो.

आपल्याकडील जुनी परंपरा

उत्तर लपवून ठेवण्याची कला भारतीय भाषांना नवी नाही. ज्या श्लोकातील प्रश्नांची उत्तरे त्याच श्लोकात दडलेली असतात त्याला संस्कृत साहित्यशास्त्र 'अंतर्लापिका' म्हणते. उत्तर बाहेरून आणावे लागत असेल तर ती 'बहिर्लापिका'. या भाषेत सांगायचे तर साधे शब्दकोडे ही बहिर्लापिका आणि अंतिम उत्तर ही अंतर्लापिका होय.

माघाच्या 'शिशुपालवध' या महाकाव्यातील एकोणिसावा सर्ग चित्रबंधांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या अखेरीस असलेला चक्रबंध चाकाच्या आकारात मांडला की ठरावीक वर्तुळांतील अक्षरांतून कवीचे आणि काव्याचे नाव वाचता येते. वाल्मीकी रामायणाविषयीही अशीच एक श्रद्धा आहे. चोवीस हजार श्लोकांपैकी प्रत्येक हजाराच्या आरंभीचे अक्षर घेतले तर गायत्री मंत्राची चोवीस अक्षरे क्रमाने मिळतात, असे परंपरा सांगते. 'गायत्री रामायण' त्यावरूनच ओळखले जाते. महाराष्ट्रातील आहणे-उखाणे आणि गोमंतकातील हुमाणी हे याच वृत्तीचे लोकरूप आहे.

किल्लीचे मुख्य प्रकार

किल्ल्यांचे असंख्य प्रकार संभवतात. तरी त्यांतील बहुतेक पुढील पाच गटांत बसतात.

पहिला गट आद्याक्षरांचा. मुख्य शब्दांची पहिली, शेवटची किंवा मधली अक्षरे क्रमाने वाचली की उत्तर तयार होते. दुसरा गट अनुपस्थितीचा. मुख्य शब्द एखाद्या ठरावीक संचातील एकेक घटक बाळगतात आणि त्या संचातील न आलेला घटक हेच उत्तर असते. तिसरा गट गणतीचा. शब्दातच दडलेला अंक त्या शब्दातील कितवे अक्षर घ्यावयाचे ते सांगतो. चौथा गट बदलाचा. एखादा शब्द एक अक्षर बदलून, गाळून किंवा वाढवून दुसरा होतो आणि त्या अक्षरांची ओळ लागते. पाचवा गट संकेतांचा. येथे उत्तर शब्दांत नसून संकेतांच्या वाक्यरचनेत, त्यांच्या आद्याक्षरांत किंवा त्यांतील विसंगतीत असते.

याखेरीज एक विलक्षण नमुना ५ नोव्हेंबर १९९६ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला. त्या दिवशी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होते. कोड्याच्या मधल्या ओळीचा संकेत 'उद्याच्या अंकातील मुख्य बातमी' असा होता आणि तीत 'क्लिंटन' बसत होते, तसेच 'बॉब डोल'ही बसत होते. इंग्रजीत दोन्ही नावांची अक्षरे सात. रचनाकार जेरेमाया फॅरेल यांनी त्या ओळीला छेदणारे सातही उभे संकेत दुहेरी ठेवले होते. हॅलोविनच्या काळ्या प्राण्यासाठी 'कॅट' चालत होते आणि 'बॅट'ही. अंतिम उत्तर वाचक ठरवणार नव्हता, मतदार ठरवणार होते.

मराठी चौकटीची घडण

रोमन लिपीत एका घरात एक वर्ण येतो. मराठीत एक अक्षर येते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसह पूर्ण अक्षर एकाच घराचे असते आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे 'द्विवचन' या शब्दाला चार घरे लागतात : द्वि, व, च, न. आडव्या शब्दातील 'गा' उभ्या शब्दातही 'गा'च हवा; 'ग' चालत नाही.

या घडणीचे दोन परिणाम होतात. मराठीत छेद देणारे शब्द जुळवणे रचनाकाराला कठीण जाते, म्हणून चौकटी लहान आणि काळी घरे अधिक असतात. मात्र एकेका घरात अधिक माहिती मावते. चार घरांच्या अंतिम उत्तरातील दोन अक्षरे मिळाली तरी उरलेली दोन सुचतात.

शुद्धलेखन येथे केवळ शोभेचे राहत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम इकारान्त आणि उकारान्त शब्द सुटे लिहिताना दीर्घ, तर समासात पूर्वपदी असताना ह्रस्व लिहितात : 'रवी' पण 'रविकिरण', 'गुरू' पण 'गुरुदक्षिणा'. नियम ठाऊक नसलेल्या वाचकाचा छेद चुकतो आणि एक छेद चुकला की अंतिम उत्तरही हुकते.

उदाहरण पहिले : 'आठवडा'

समजा, 'आठवडा' अशा शीर्षकाच्या कोड्यात पुढील सहा मुख्य शब्द आहेत. कंसातील अंक अक्षरसंख्येचा आहे.

१. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेले … मंडळ, कवींचे (५)
२. वैदिक यज्ञातील पेय (४)
३. काळ्या मण्यांचे सौभाग्यलेणे (५)
४. रामरक्षेचे कर्ते ऋषी (५)
५. एकलव्याचा अंगठा (५)
६. पेशव्यांचे पुण्यातील निवासस्थान (६)

अंतिम प्रश्न : पहाटेच्या आभाळात दिसतो, पण येथे उगवला नाही, असा कोण? (४)

उत्तरे अनुक्रमे रविकिरण, सोमरस, मंगळसूत्र, बुधकौशिक, गुरुदक्षिणा आणि शनिवारवाडा. प्रत्येक शब्दाच्या आरंभी एकेक ग्रह आहे. येथे घाई करणारा वाचक नवग्रह मोजू लागतो. तसे केल्यास शुक्र, राहू आणि केतू असे तिघे गैरहजर ठरतात आणि निर्णय होत नाही. शीर्षक ही अडचण दूर करते. आठवड्याचे वार सात. त्यांपैकी सहा आले, शुक्र तेवढा आला नाही. चार अक्षरांची अट आणि पहाटेच्या आभाळाचा उल्लेख जुळवला की उत्तर पक्के होते : शुक्रतारा.

खात्रीची एक खूण आणखी आहे. सहा शब्दांची पहिली अक्षरे र, सो, मं, बु, गु, श अशी आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वारांची अक्षरे याच क्रमाने छापतात आणि 'गु' व 'श' यांच्यामधले घर येथे मोकळे आहे.

उदाहरण दुसरे : 'मोजून घ्या'

हे गणतीच्या गटातील कोडे आहे.

१. वर माडी असलेले घर असे असते (४)
२. सारे जग, येथे कीर्ती गाजते (३)
३. राष्ट्रध्वजाचे लाडके नाव (३)
४. संस्कृत व्याकरणात आहे, मराठीत नाही, असे वचन (४)

अंतिम प्रश्न : गोव्यातील शहर (४)

उत्तरे दुमजली, त्रिखंड, तिरंगा आणि द्विवचन. पहिल्या नजरेला यांत समान असे काहीच दिसत नाही. आद्याक्षरे वाचली तर 'दुत्रितिद्वि' असा निरर्थक आवाज होतो. परंतु तो आवाजच किल्लीकडे नेतो. दु, त्रि, ति, द्वि ही सर्व संख्यादर्शक पदे आहेत : दोन, तीन, तीन, दोन. शीर्षक मोजून घेण्यास सांगते. दुमजलीतील दुसरे अक्षर म, त्रिखंडातील तिसरे ड, तिरंग्यातील तिसरे गा, द्विवचनातील दुसरे व. क्रमाने वाचल्यास मडगाव.

गोव्यातील चार अक्षरी स्थळनामे पुष्कळ आहेत. किल्ली न सापडलेला वाचक 'काणकोण' किंवा 'कुडचडे' लिहून नशीब आजमावू शकतो. पण चारही अक्षरे एकाच नियमाने देणारे नाव एकच आहे.

सोडवण्याची रीत

अनुभवी सोडवणारे साधारणपणे पुढील क्रम पाळतात.

१. आधी संपूर्ण चौकट भरावी आणि छेद तपासावेत. शंकास्पद अक्षरावर किल्ली शोधण्यात अर्थ नसतो. शंका असलेले घर पेन्सिलीने वेगळे खुणावून ठेवावे.

२. शीर्षक आणि अंतिम प्रश्न दोनदा वाचावेत. या प्रकारात शीर्षक अलंकारासाठी नसते. अंतिम प्रश्नाची अक्षरसंख्या आणि मुख्य शब्दांची संख्या यांची तुलना करावी. दोन्ही सारख्या असतील तर प्रत्येक शब्द एक अक्षर देतो, असा तर्क करण्यास आधार मिळतो. 'मोजून घ्या'मध्ये चार शब्द आणि चार अक्षरे आहेत. 'आठवडा'मध्ये सहा शब्द आणि चार अक्षरे आहेत. तेथे हा तर्क लागू पडत नाही, म्हणून अनुपस्थितीचा विचार करावयाचा.

३. मुख्य शब्द ओळखावेत. ते बहुधा सर्वांत लांब असतात, चौकटीत परस्परांसमोर सममितीने बसवलेले असतात किंवा त्यांच्या संकेतांना विशेष खूण असते.

४. मुख्य शब्द कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहावेत. चौकटीत विखुरलेले साम्य ओळीत मांडल्यावर दिसू लागते. आरंभ, शेवट, मध्य, पुनरावृत्त अक्षरे, शब्दातला शब्द, उलट वाचन या क्रमाने तपासावे.

५. विचित्र गोष्टींची नोंद घ्यावी. सोपा प्रतिशब्द उपलब्ध असताना रचनाकाराने दुर्मीळ शब्द का निवडला? संकेत अकारण लांब का झाला? रामरक्षेचा उल्लेख पौराणिक नावाशिवाय दुसऱ्या कशासाठी असेल? अवघडलेपण हे बहुधा किल्लीचे बोट असते.

६. उत्तर मिळाल्यावर उलट तपासावे. प्रत्येक मुख्य शब्द वापरला गेला का? प्रत्येकाला एकच नियम लागू झाला का? शीर्षकाचा अर्थ लागला का? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तरच उत्तर पाठवावे.

७. काहीच सुचत नसेल तर कोडे बाजूला ठेवावे. दुपारी निर्जीव वाटणारी शब्दांची ओळ रात्री नव्याने पाहिली की एकाएकी बोलू लागते, असा अनुभव अनेकांना येतो. एकाच चुकीच्या वाटेवर फिरत राहणारे लक्ष तेवढ्या वेळात मोकळे होते.

नसलेली किल्ली सापडण्याचा धोका

अर्थ शोधणाऱ्या मनाला योगायोगातही अर्थ दिसतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९४४ चे आहे. नॉर्मंडीवरील आक्रमणाची सिद्धता ब्रिटनमध्ये कमालीच्या गुप्ततेने चालू असताना मे आणि जूनच्या आरंभी 'डेली टेलिग्राफ'च्या शब्दकोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून हे शब्द एकापाठोपाठ एक आले. हे पाचही त्या मोहिमेतील सांकेतिक शब्द होते. गुप्तचर अधिकारी रचनाकार लिओनार्ड डॉ यांच्याकडे जाऊन पोहोचले. हे गृहस्थ शाळेचे मुख्याध्यापक होते. चौकशीत हेरगिरीचा पुरावा मिळाला नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने खुलासा केला, की मुख्याध्यापक मुलांकडून चौकटी भरून घेत असत आणि त्याने जवळच्या तळावरील सैनिकांकडून कानी पडलेले शब्द त्यांत घातले होते. शब्द खरे होते, पण शत्रूला निरोप देणारी किल्ली नव्हती.

सोडवणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. सहांपैकी चार शब्दांना लागू पडणारा नियम हा नियम नव्हे. उरलेल्या दोघांसाठी ओढाताण करावी लागत असेल, तर वाट चुकली असे समजून मागे फिरावे.

लपवलेले उत्तर आणि बंद लिफाफा

अंतिम उत्तर कोड्यात असते की रचनाकाराच्या मनात, हा प्रश्न भारतात एकदा न्यायालयापर्यंत गेला आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे लावणाऱ्या शब्दकोडे स्पर्धांचे पेव फुटले होते. त्यांतील अनेक संकेतांना दोन-दोन उत्तरे सारखीच शोभत. संयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी ज्याची जुळणी होईल तो विजेता. शब्दज्ञान कितीही असले तरी अखेर अंदाजच करावा लागे.

मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत घेतल्या. बंगळूरहून निघणाऱ्या पत्रातून शब्दकोडे स्पर्धा चालवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी त्याला आव्हान दिले. संसदेने १९५५ मध्ये बक्षीस स्पर्धा कायदा केला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना त्याने मनाई केली आणि त्याहून लहान स्पर्धांना परवाना आवश्यक ठरवला. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांचा निकाल दिला. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे आणि ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, हे त्या निकालांचे सार होय.

या निकालातील भेद अंतिम उत्तराच्या कोड्यालाही लागू पडतो. 'आठवडा'मधील शुक्रतारा लिफाफ्यात बंद नाही. तो सहा शब्दांच्या मध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत आहे आणि दिनदर्शिका पाहिलेल्या कोणालाही दिसू शकतो. उत्तर कळल्यावर 'हे कसे सुचावे?' असे वाचकाने म्हटले तर कोडे फसले. 'हे समोरच होते' असे म्हटले तर ते साधले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

शब्दकोड्याचे पान वाचकाकडून जे मागते ते शब्दकोशापुरते नसते. 'बुधकौशिक' आठवण्यासाठी तिन्हीसांजेची रामरक्षा कानी पडलेली असावी लागते, 'द्विवचन' आठवण्यासाठी शाळेतील संस्कृतचा तास. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत बाजाराची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि शाळेची तिसरी असते. अशा घरात आजीला आठवलेला शब्द आणि नातीला सापडलेली किल्ली एकाच चौकटीत एकत्र येतात. साध्या कोड्यात शब्दसंपत्ती असलेला एकटा वाचक पुरतो. अंतिम उत्तराच्या कोड्यात आकृती ओळखणारी दुसरी नजर लागते आणि ती पुष्कळदा ज्याला शब्द कमी ठाऊक आहेत, पण रिकामी जागा चटकन दिसते, अशा लहानग्याची असते.